पितळेच्या पातेल्यातली नेरिसा

आमच्या वाडीत असं एक घर नाही, ज्याने आग्नेलो परेराकडून कधी ना कधी फोटो सुधारून घेतला नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत माझ्या नाकाखाली घाम चकाकत होता, तो त्याने काढला. माझ्या सासऱ्यांना आयुष्यात कधी कोट मिळाला नव्हता. ते गेल्यावर भिंतीवर लावायच्या फोटोत आग्नेलोने त्यांना कोट घातला, वर खिशात पेनही दिलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हा कोट ह्यांनी मुद्दाम शिवून घेतला होता. पुढे पुढे त्यांना ते खरंच वाटायला लागलं, आणि एकदा तर मला म्हणाल्या, तो कोट ट्रंकेत शोध.

मी आनंदीबाई, परेरांच्या घरासमोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या गॅलरीतून त्यांचा लाकडी ओटा सरळ दिसतो. तोंडाने मी फटकळ आहे हे अख्ख्या गिरगावाला ठाऊक आहे. कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं मला जमत नाही. भाजी आंबट झाली तर आंबट झाली म्हणते, मग घरात पाहुणे असोत की व्याही. आग्नेलोच्या बायकोशी, मॅग्डलीनशी, माझं जमलं ते ह्यामुळेच. ती म्हणायची, बाकीचे सगळे गोड बोलतात, तू एक खरं बोलतेस.

आग्नेलो ऑपेरा हाऊसजवळच्या एका स्टुडिओत निगेटिव्ह सुधारायचा. खालून दिवा, वर तिरकी काच, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग. सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल आणि एक बारीक पातं, एवढ्यावर तो मुरमं घालवायचा, देवीचे व्रण बुजवायचा, तिरळा डोळा सरळ करायचा. हे सगळं मूळ निगेटिव्हवरच. दुसरी प्रत नाहीच. पातं जरा घसरलं की नवरीचा गाल जन्माचा फाटला. त्याचा त्याला केवढा तोरा होता. "एकच निगेटिव्ह, एकच हात," असं म्हणायचा आणि कॉलर सारखी करायचा. कॉम्प्युटर आले, स्टुडिओ बंद झाला, मालकाच्या मुलांनी तिथे मोबाईलची कव्हरं विकायला घेतली. आग्नेलो घरी बसला. दुपारभर ओट्यावर पेपर वाचायचा आणि पेपरातले फोटो बघून नाक मुरडायचा.

नेरिसा त्यांची एकुलती एक, उशिरा झालेली. उंच, सावळी, उजव्या गालावर तीळ, आणि हसायला लागली की थांबायचं नाव नाही. फोर्टमध्ये एका जाहिरातींच्या ऑफिसात कामाला होती. पुस्तकांची असते तशी चित्रांचीही लायब्ररी असते, हे मला तिच्यामुळे कळलं. जगभरातले लोक आपापले फोटो कॉम्प्युटरवरून तिथे पाठवतात, पसंत पडले तर ते ठेवून घेतात, मग मासिकवाले, जाहिरातवाले तिथून घेतात. नेरिसाने पगारातून कॅमेरा घेतला आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की वाडीभर फिरायला लागली. जिन्याचे कठडे, वाळत घातलेल्या मिरच्या, कुणाच्या तरी खिडकीतलं मांजर. मी म्हणायचे, अगं ह्यात काय बघायचंय? ती म्हणायची, आंटी, तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही.

पण तिकडची माणसं महा खडूस. एकेक चित्र पडद्यावर पूर्ण मोठं करून इंच इंच तपासतात. इथे रंगात दाणे दिसतात, इथे धुळीचा ठिपका आहे, हे जरा हललंय, मागे दुकानाची पाटी आहे, ती पुसा, माणूस ओळखू येतो तर त्याची लेखी संमती आणा. बिचारीचं एकही चित्र पास होईना. एकदा चिडून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आता मांजराची सही आणू का?" मी म्हटलं, आण, पंजा मी धरते. दोघी हसत बसलो.

आग्नेलोचे हात शिवशिवायचे. मला दे, म्हणायचा, एका दुपारीत सगळे स्वच्छ करून देतो. पोरगी त्याला लॅपटॉपला हात लावू देत नसे. "डॅडी, तुम्ही हात लावलात की ते तुमचं होतं," ती म्हणायची. "माझं मला करू द्या." तो हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते लागायचं. मला वरून दिसायचं ना, पेपर तोंडासमोर धरायचा तो उलटा.

गणपतीच्या आधी नेरिसाला ताप आला. डेंग्यू. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता रक्तातलं काय काय कमी होत गेलं आणि पोरगी गेली. तिशी नुकती ओलांडली होती. मी मॅग्डलीनला धरून बसले होते. ती रडत नव्हती, नुसती माझा हात चोळत होती, जशी काही मलाच थंडी वाजत होती.

थडग्यावर लावायला लंबगोल फोटो लागतो. तो बनवायला दुसऱ्याला द्यायचा प्रश्नच नव्हता. आग्नेलोने चुलत बहिणीच्या लग्नातला तिचा चेहरा घेतला, कातडी गुळगुळीत केली, केस नीट बसवले, आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, गालावरचा तीळ काढून टाकला. मॅग्डलीनने फोटो हातात घेतला आणि विचारलं, "हिचा तीळ कुठे गेला?" दगडावर तोच फोटो लागला. ती शिवडीच्या कबरस्तानात जायची, फुलं ठेवायची, पण फोटोकडे बघायची नाही. मला म्हणाली, ती कुणी तरी दुसरीच आहे गं.

मग कधीतरी आग्नेलोने मला ती शिवडीची गोष्ट सांगितली. मला ठाऊकच नव्हती. मुंबईत मेलेल्यांनाही जागा पुरत नाही. ज्यांची पिढीजात कबर आहे त्यांचं ठीक, पण बाकीच्यांना ती जागा थोड्या काळापुरतीच. मग ती उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या एका कप्प्यात ठेवतात, आणि खड्डा पुढच्या माणसाला देतात. नावाचा दगड घरच्यांनी घेऊन जायचा. परेरांची अशी पिढीजात कबर नव्हती. आग्नेलो ओट्याच्या पायरीवर बसला होता, आणि मला म्हणाला, "मंग हिचं नाव कुठं राहील, आनंदीबाई?" मी काय बोलणार? आमच्यात तर राखच होते.

त्याने मात्र जागा शोधून काढली होती. लायब्ररीत प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. एक चित्र पास झालं की नाव लागलं, आणि ते काढून दुसऱ्याला जागा द्यायचा प्रश्न तिथे नाही. बस्स. त्या दिवसापासून त्याने पोरीचा लॅपटॉप उघडला. तिचं खातं तसंच चालू होतं. ती गेली हे तिकडे कुणाला कळवलंच नव्हतं. त्यामुळे त्यांच्याकडून जे यायचं ते तिच्याच नावाने यायचं. प्रिय नेरिसा, तुझं चित्र आम्हाला घेता येत नाही. आग्नेलो ते नकार मला वरच्या आवाजात वाचून दाखवायचा. मला संताप यायचा, त्याला नाही यायचा. नंतर माझ्या ध्यानात आलं, जगात तेवढीच एक जागा उरली होती जिथून तिला अजून पत्र येत होतं.

कॉम्प्युटर तो भराभर शिकला. डोळ्याचं भिंग गेलं आणि पडद्यावर मोठं करायचं बटण आलं, बाकी काम तेच. चूक झाली की मागे फिरायची सोय त्यात असते, ती मी त्याला दाखवली. मी बँकेत कॉम्प्युटरवरच रिटायर झालेय, तेवढं मला येतं. तो म्हणाला, ही सोय माणसाला भित्रा करते. काम झालं की तो सेव्ह करायचा, आणि तेही त्याच फोटोवर. मी म्हटलं, अरे, मूळ फोटो वेगळा ठेवत जा. तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या आईवरून बोलले. म्हणाला, मूळ तिच्या कॅमेऱ्यात असेलच की.

पहिले सगळे फोटो त्याने नासवले. नासवले म्हणजे त्याच्या मते सुंदर केले. मिरच्या लाल होत्या त्या आणखी लाल, कठड्याच्या लाकडाला एक चीर नाही, मांजराच्या मिशीचा केस न् केस सारखा. लायब्ररीने कळवलं, प्रिय नेरिसा, चित्र कृत्रिम वाटतं, फार फेरफार केलेले आहेत. हे मात्र त्याने दोनदा वाचलं. उभ्या आयुष्यात त्याच्या कामाला असं कुणी म्हटलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, नेरिसा बरोबर बोलत होती. हात लावला की माझं होतं.

आता त्याने ठरवलं, जिला सगळ्यात कमी हात लावावा लागेल ती तसबीर शोधायची. तशी एकच निघाली. मे महिन्यातली. त्यांच्याकडे बाटल्यांत भरून ठेवायचा वर्षाचा बाटली मसाला करतात, तेव्हा ओट्यावर चटई टाकून मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि मॅग्डलीनच्या आईचं पितळेचं मोठं पातेलं चिंचेने घासून कठड्याला उपडं टेकवून ठेवलं होतं. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर. फोटोत बाकी काही नाही, मिरच्या, चटई, कठडा आणि ते पातेलं. मला फोटोतलं काही कळत नाही, पण मलाही तो बघितल्यावर मिरचीचा खाट नाकात गेल्यासारखं झालं.

आणि त्या पातेल्याच्या पोटात नेरिसा होती. पूर्ण मोठं केलं की दिसायची. कोपरं बाहेर काढून, कॅमेरा डोळ्याला लावून उभी, घरातला ढगळ गाऊन, पायात एकच चप्पल. कॅमेऱ्याखाली तिचं तोंड दिसायचं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलेलं. लहानपणी अभ्यासाला बसली की अशीच जीभ काढायची, आणि मॅग्डलीन ओरडायची. तिचे फोटो घरात कमी नव्हते, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे, लग्नांतले, सगळे नटूनथटून उभं राहून काढलेले. कामात गुंग झालेली, कुणी बघतंय हे विसरलेली नेरिसा ह्या एकाच ठिकाणी होती. मॅग्डलीन रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की लॅपटॉपसमोर येऊन बसायची आणि म्हणायची, "जरा मोठं कर." आग्नेलो मोठं करायचा. ती बघायची आणि उठून स्वयंपाकाला लागायची. त्या बघण्यावर तिची रात्र जायची.

फोटो त्याने होता तसाच पाठवला. नकार आला, पण ह्या वेळी कारण एकच होतं. रंग उत्तम, प्रकाश उत्तम, सगळं रेखीव. फक्त भांड्यात फोटो काढणारी व्यक्ती दिसते आहे. ती काढून पुन्हा पाठव, प्रिय नेरिसा.

मला हे कळलं तसं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, दुसरा एखादा फोटो बघ, हा राहू दे मॅगीला. तो म्हणाला, दुसरा नाहीये, बाकीचे माझ्या हाताने गेले. आणि शिवडीहून निरोप यायला आता फार दिवस नाहीत. नाव लागायला हवं.

बुधवारी मॅग्डलीन माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. त्या दुपारी त्याने काम काढलं. मी खाली आमसुलाचं सार द्यायला गेले होते, म्हणून मला ते बघावं लागलं. मी विचारलं, मॅगीला सांगितलंस का? म्हणाला, नाव बघितल्यावर तिला पटेल. खुर्ची पुढे ओढून तो कामाला लागला. शेजारचं पितळ थोडं थोडं उचलून तिच्यावर पसरत होता. आधी एक कोपर गेलं, मग चप्पल, मग केस. हात जरासुद्धा थरथरत नव्हता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तो थांबला नाही. शेवटी तोंड राहिलं, कॅमेरा आणि ती जीभ. तिथे मी सार टेबलावर ठेवलं आणि वर निघून आले. मला ते बघवेना.

काम त्याने अप्रतिम केलं, हे खोटं कशाला बोलू. आठवड्याभराने तो ओट्यावर आला आणि मोठ्याने मला हाक मारली. अभिनंदन, नेरिसा. चित्र पास झालं होतं. चित्राखाली तिचं नाव होतं, नेरिसा परेरा, मुंबई. त्याने पेढे आणले, घराघरात वाटले, वाडीतली माणसं लॅपटॉपभोवती गोळा झाली. मॅग्डलीनने पदराने हात पुसले आणि बोट त्या नावावरून फिरवलं, एकदा, दोनदा. मग त्या बोटाचा मुका घेतला. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

सगळे पांगले. ती खुर्चीवर बसली आणि आग्नेलोला म्हणाली, "आता मोठं कर. तिला दाखवू दे, नाव लागलं."

त्याने मोठं केलं नाही. तिने स्वतःच केलं, एव्हाना तिला येत होतं. पातेल्याचं पोट पडदाभर पसरलं. ऊन, मिरच्यांचा लाल पट्टा, कठडा, वर थोडं आभाळ. तिने ते इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. मग लॅपटॉपमधला घरचा फोटो उघडला. तोही तसाच. तिने वळून आग्नेलोकडे बघितलं.

तेव्हा कुठे त्याला काय झालं ते कळलं. उठून त्याने कपाटातून नेरिसाचा कॅमेरा काढला. त्यातलं कार्ड मी माझ्या हाताने लॅपटॉपला लावून बघितलं. पोरीकडे कार्ड एकच होतं, फोटो लॅपटॉपवर घेतले की ती ते रिकामं करायची. त्यात तिचे शेवटच्या रविवारचे काही फोटो होते, चाळीच्या जिन्याचे. मे महिन्यातलं काही नव्हतं. मी मेल बघितल्या, सगळे कप्पे बघितले. लायब्ररीच्या नाकारलेल्या चित्रांच्या यादीत त्याचं एक पोस्टाच्या तिकिटाएवढं रूप तेवढं सापडलं. त्यात पातेलं करंगळीच्या नखाएवढं, आणि पातेल्यात एक काळा ठिपका.

आग्नेलो भिंतीला टेकून खाली बसला. मग एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "मी परत काढतो. मॅगी, माझ्या डोळ्यासमोर आहे ती. कोपर, गाऊन, जीभ, सगळं जसंच्या तसं बसवतो. कुणाला फरक कळायचा नाही."

आणि ते खरं होतं. त्याने बसवली असती. ज्यांनी कधी कोट घातला नाही त्यांना त्याने कोट घातले होते, मिटलेले डोळे उघडे करून दिले होते.

मॅग्डलीन त्याला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला तरी बरं वाटलं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "नको रे. ती तू काढलेली असेल. तीळसुद्धा तुला आठवून लावावा लागेल."

शिवडीहून निरोप आला तेव्हा मी दोघांबरोबर गेले होते. हाडं एका छोट्या पेटीत मावली. पेटी कप्प्यात गेली, आणि नावाचा दगड टॅक्सीतून घरी आणून जिन्याखाली उभा केला, फोटोची बाजू भिंतीकडे. लायब्ररीत नाव अजून आहे. आग्नेलो सकाळी एकदा उघडून बघतो, आहे ना म्हणून, आणि मिटतो. दुसरं चित्र त्याने कधी पाठवलं नाही. तिकडून मधून मधून येतं, प्रिय नेरिसा, तुझ्या नव्या चित्रांची आम्ही वाट पाहतो आहोत.

संध्याकाळी रोझरी झाली की मॅग्डलीन मला खाली बोलावते. आग्नेलोला सांगत नाही, मला सांगते, ते छोटं उघड. मी नाकारलेल्यांची यादी उघडते. आग्नेलोचं जुनं भिंग आता तिच्याकडे असतं. ते ती पडद्याला जवळजवळ चिकटवते आणि एक डोळा मिटून त्या ठिपक्याकडे बघत बसते. मीही बघितलंय त्या भिंगातून. चार-दोन काळे चौकोन दिसतात, दुसरं काही नाही. आग्नेलो दारात उभा असतो, आत येत नाही आणि जातही नाही.

"बघ गं आनंदी," ती म्हणते. "जीभ बाहेर काढलीये. दिसते ना?"

मी म्हणते, हो, दिसते.